धुऱ्यावरची हर्षा

धुऱ्यावरून पळायला हर्षाला कोणी शिकवलं नाही. सिंदेवाहीच्या आजूबाजूच्या गावांतली पोरं पाय फुटले की धुऱ्यावरच चालतात, पावसाळ्यात दुसरी वाटच कुठे असते? दोन्हीकडे धानाच्या बांध्या, बांध्यांत गुडघाभर गाळ, आणि मधे जेमतेम पाऊल मावेल एवढी ओल्या मातीची कड. त्यावरून हर्षा डोक्यावर पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी घेऊन अशी पळायची, की रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बाया वाकल्या जागी मान वर करून म्हणायच्या, "हे पोट्टी एक दिवस तोंडावर पडल वं ठमाबाई!" ठमाबाई म्हणजे हर्षाची आई. ती म्हणायची, "पडू द्या. पडल तं उठल."

पडायची नाही, ते वेगळं. पण धुरा मोडायचा. नवी माती, वरून पाऊस, टाच जरा कडेला पडली की ढेकूळ निसटायचं आणि बांधीतलं पाणी सुळसुळ खाली निघायचं. खालची बांधी मुखरूकाकाची. तिथे पाणी गेलं की हर्षाच्या बापाचे पऱ्हे कोरडे पडायचे आणि मुखरूकाकाचे वाहून जायचे, म्हणजे दोन्ही घरांचं नुकसान. म्हणून तिथला नियम साधा होता: ज्याच्या पायानं धुरा मोडला, त्यानं जागच्या जागी बसून तो बुजवायचा, आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. घाई असो, पाऊस असो, शाळेची घंटा होवो. हर्षाचा बाप हरिदास खोब्रागडे तसा अबोल माणूस, दिवसभरात वीस शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. पण पोरीच्या पायाखाली माती निसटली, की चार बांध्यांपलीकडून पाठमोराच ओरडायचा, "हर्षे, धुरा!" त्याला कसं कळायचं कोण जाणे. पाण्याचा आवाज ऐकत असेल. हर्षा चरफडत मागे यायची, बसायची, ओंजळीनं माती ओढून टाचेनं दाबायची. सहा-सात वर्षांची होईपर्यंत तर ओरडावंही लागेना. पाय निसटला की हात आपोआप मातीत.

एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे जे काही झालं ते यातूनच झालं.

गुणवंतराव सर तिकडच्याच एका शाळेत खेळाचे मास्तर. तरुणपणी जिम्नॅस्टिक्स केलेले, एक खांदा कायमचा निखळलेला, बोलणं तिखट. पण पोरं त्यांच्यामागे वेडी. एका पावसाळ्यात त्यांची मोटारसायकल पंक्चर झाली आणि ते रस्त्याच्या कडेला उभे होते. समोर धुऱ्यावरून एक आठ वर्षांची पोरगी पळत येते, डोक्यावर ओझं, मान ताठ, नजर खाली नाही. सरांनी पंक्चर तसंच सोडलं आणि बांधीत उतरले. बूट गेले चिखलात.

"नाव काय तुझं?"

"हर्षा."

"खाली न पाहता कशी पळतेस गं?"

हर्षाला प्रश्नच कळला नाही. "खाली काय पाह्याचं? धुरा तं तिथंच आहे ना सर."

सर संध्याकाळी घरी आले. हरिदासनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अभ्यास बुडल काय?" नाही म्हटल्यावर तो उठून बैल पाहायला गेला. म्हणजे होकार.

सरांचा तो 'हॉल' आठवला की हर्षाला आजही हसू येतं. शाळेमागची पत्र्याची शेड. डेपोतल्या लिलावातलं एक लांब सागवान सुतारानं रंधून दिलेलं, चार बोटं रुंद, त्यावर तरट, तरटावर जुनी चादर शिवलेली. हा झाला तोल सांभाळायचा बीम. बार म्हणजे पाण्याचे पाइप. आणि पडायला गाद्या? पोत्यांत तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, भरायचं, तोंड शिवायचं, झाली गादी. धान निघालं की नवं तणीस, नव्या गाद्या. दिवाळीनंतरचे दोन महिने त्या शेडमध्ये असा काही गोड वास यायचा की पोरींना पडावंसं वाटायचं. ही पोती मात्र सारखी सरकायची. कोणी पडली की दोन पोत्यांत फट पडायची आणि पुढच्या पोरीचा पाय मुरगळायचा. म्हणून जी पडेल तिनं आधी पोती जुळवायची आणि मग वर चढायचं, असं ठरूनच गेलं होतं. हर्षाला वेगळं शिकावंही लागलं नाही. धुरा तो धुराच.

सर सांगायचे बरं, की स्पर्धेत पडलं तर दहा सेकंदांत परत चढायचं असतं, नाहीतर गुण कापतात. पोरी 'हो सर' म्हणायच्या. पण पडायची तालीम कोण करतं? तालीम करायची ती न पडण्याची. तिथे चुकलं सगळ्यांचं, सरांचंही.

पहिली भानगड झाली ती कपड्यावरून. तो अंगाला घट्ट, मांड्या उघड्या असलेला पोशाख पाहून ठमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "हे घालून चारचौघात? मायवं!" तिनं रात्रीतून त्याला खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी जोडून दिली, फुलाफुलांची, स्वतःच्या पोलक्यातली. जिल्हास्पर्धेत हर्षा ती घालून उभी राहिली तेव्हा पंचबाईंनी चष्मा काढून पुसला. तरी पोरगी पहिली आली. घरी येऊन तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "जिल्ह्यातून पहिली!" जिल्ह्यातून तीनच पोरी होत्या, हे सांगायची गरज तिला वाटली नाही.

विभागीय स्पर्धेला नागपुरात तिनं खरा बीम पहिल्यांदा पाहिला. मऊ, गुळगुळीत, पाय ठेवला की किंचित दबणारा. तिला तो मेलेला वाटला. घाबरून तीनदा पडली आणि शेवटून दुसरी आली. परतीच्या बसमध्ये रडून रडून डोळे सुजले. सर शेंगदाण्याची पुडी पुढे करून म्हणाले, "रड. पण सिंदेवाही येईपर्यंतच." तिनं ते पाळलं.

मग सुरू झाली ती खरी वर्षं. पहाटे सायकल, धान संशोधन केंद्राच्या कुंपणाकडेनं शाळेपर्यंत, दोन तास सराव, शाळा, पुन्हा दीड तास. थंडीत पाचला शेड बंद, कारण वाटेत वाघ. मोडावर हरिदास काठी आणि टॉर्च घेऊन उभा असायचा. बाप पुढे, लेक मागे, दोन सायकली, आणि बोलणं एक अक्षर नाही. नुसत्या चेनची करकर. एकदाच त्यानं विचारलं होतं, "ते उलटं वाकते तवा तुले मागचं दिसते काय?" "नाई बाबा." "मंग?" "पायाले माहीत असते." हरिदास त्यावर घरापर्यंत विचार करत राहिला. हर्षाला आता वाटतं, जगातलं कुठलंही पदक त्या करकरीच्या बदल्यात देऊन टाकावं.

सलग दोन वर्षं ती राज्यापर्यंत जाऊन आली. अकरावीत गेली तेव्हा सतरा वर्षांखालच्या गटातलं ते शेवटचं वर्ष. येत्या जानेवारीत वय संपणार, मार्चमध्ये सर निवृत्त होणार. राज्यातून सहा पोरी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. इथून आजवर कोणी गेलं नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, हे शेडमधल्या पोत्यांनासुद्धा ठाऊक होतं.

त्या वर्षी हरिदास पहिल्यांदा तिची स्पर्धा पाहायला निघाला. धान कापणी तोंडावर असताना! गावात लोक म्हणाले, हरिदासचं डोकं फिरलं. ठमाबाईनं त्याला नवा सदरा घेतला, त्याच्या घड्या मोडल्याच नव्हत्या. एसटी, मग रेल्वे, मग एका मोठ्या शहरातलं ते भलंमोठं क्रीडासंकुल. हरिदास गॅलरीत कडेच्या खुर्चीत बसला, चपला काढून, मांडीवर पिशवी.

चारपैकी तीन प्रकार झाले. हर्षा पाचवी होती. शेवटचा राहिला बीम, तिचा हुकमी.

वर चढली आणि सगळं विसरली. तो मऊ, मेलेला बीम त्या दिवशी जिवंत झाला. उडी बसली, गिरकी बसली. गुणवंतराव सर ओठातल्या ओठात मोजत होते. मग मागे वाकून हात टेकून पाय पलटवायचा तो प्रकार आला, जो तिनं हजारदा केला होता. पाय आला तो अर्ध्या बोटानं बाहेर. एवढंच. गेली खाली.

पडली तीही दोन गाद्यांच्या जोडावर. वरची चिकटपट्टी जुनी झालेली, ती सुटली आणि दोन गाद्यांमध्ये चार बोटांची फट उघडली.

आता दुसरी कोणतीही पोरगी काय करेल? हात झटकेल आणि चढेल. हर्षा वळली. खाली बसली. दोन्ही हातांनी एक गादी ओढली, टाचेनं दुसरी रेटली, सुटलेली पट्टी तळव्यानं दाबली, एकदा, दोनदा, पुन्हा टोकापासून. चेहरा अगदी शांत. घाई नाही, गडबड नाही, शेतात बसल्यासारखी. सर ओरडत होते, "चढ! हर्षा, चढ!" पण ते तिला ऐकूच गेलं नाही. घंटी वाजली तेव्हा कुठे ती दचकली.

चढली. उरलेलं सगळं बिनचूक केलं. हात वर करून पंचांना नमस्कार केला. चौथऱ्यावरून उतरताना बाजूला उभ्या असलेल्या पोरीशी तिची नजरानजर झाली. अमरावतीची चंचल, हाताला पावडर लावून आपल्या पाळीची वाट पाहणारी.

निकाल फळ्यावर लागला. पडण्याचा एक गुण गेला तो सगळ्यांचाच जातो. तो जाऊनही हर्षा सहावी राहिली असती. पण वेळ ओलांडली म्हणून वर तीन दशांश कापले होते. चंचल सहावी. हर्षा सातवी, दोन दशांशांनी.

सरांचा संताप अनावर झाला. गॅलरीच्या पायऱ्यांशीच त्यांनी तिला धरलं. "काय करत होतीस तिथं? गाद्या जुळवायला माणसं नाहीत तिथं?"

हर्षाला रडूही येत नव्हतं. ती म्हणाली, "सर, मायाच पायानं फाटली होती ना... मंग आधी बुजवा लागते ना?"

सरांच्या मागे हरिदास उभा होता. त्यानं ते ऐकलं. ऐकलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की हर्षाला स्वतःचं दुःख क्षणभर विसरायला झालं.

त्यानं हळूच विचारलं, "सर, ते तीन दशांश म्हंजे किती होते जी?"

सरांनी आपल्या करंगळीचं नख दाखवलं.

परतीच्या गाडीत हरिदास खिडकीशी बसला. वर्धा गेलं, नागपूर आलं. तेव्हा त्यानं तोंड उघडलं. "मायंच चुकलं," म्हणाला. हर्षा म्हणाली, "नाई बाबा, असं काऊन म्हणता?"

पुढच्या रोवण्याला काय झालं ते हर्षानं बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा पाय निसटला, धुरा मोडला, पाणी निघालं. ती थांबली, बापाच्या हाकेची वाट पाहत. हाक आली नाही. तिलाही काय वाटलं कोण जाणे, हट्टानं तशीच पुढे गेली. मागे वळून पाहिलं तर हरिदास फावडं घेऊन येत होता. तिनं मोडलेल्या जागी तो मुकाट वाकला आणि बुजवू लागला. त्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं! त्या दिवसापासून हरिदासनं 'धुरा' हा शब्द तोंडातून काढला नाही. लेकीनंच काय, कोणी मोडला तरी हा आपला मागून जाऊन बुजवणार. बारा वर्षं.

हर्षाचं खेळणं संपलं. तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि आरमोरीच्या एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. तिथे तिच्याकडे सतरा पोरी आहेत. गाद्या आता विकतच्या आहेत, तणसाचा वास नाही. पण एक गोष्ट तिच्या पोरी सांगतात आणि खिदळतात. कुठल्याही स्पर्धेला गेलं की हर्षाबाई आधी बीमखाली बसतात आणि स्वतःच्या पिशवीतली दोरी काढून गाद्यांचे जोड बांधतात. आपल्या पोरींसाठीच नाही, सगळ्यांसाठी. आयोजक नाक मुरडतात, बाई ऐकत नाहीत. आणि पडायची तालीमही रोज घेतात, घड्याळ लावून. "पडली की चढ. मागे पाहू नको. मागचं मी पाहून घेईन." असं म्हणताना तिला दर वेळी बापाचं ते फावडं आठवतं. सरांनाही सांगायचं होतं तिला हे, पण सर मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात गेले. शेड पाडली. सागवानाचा तो बीम तिनं मागून आणला. तो तिच्या घराच्या ओसरीत आहे, त्यावर ती धान्याचे डबे ठेवत नाही.

गेल्या जूनमध्ये नागपूरला पंचांचं शिबिर होतं. जेवणाच्या रांगेत एक उंच बाई तिच्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी ताट घेऊन समोरच येऊन बसली.

"तुम्ही सिंदेवाहीच्या हर्षा ना? मी चंचल. अमरावतीची."

हर्षानं उचललेला घास परत ताटात ठेवला. नाव ती कशी विसरणार?

चंचल भात नुसता चिवडत होती. मग एकदम बोलायला लागली, थांबलीच नाही. "त्या दिवशी माझी शेवटची उडी वाकडी गेली. हवेतच कळलं मला. समोर उतरायचं तर बाजूला आले, तू बसली होतीस ना, तिथंच. दोन्ही पाय बरोब्बर त्या जोडावर. माझा उजवा घोटा आदल्या वर्षी मोडलेला, हर्षा. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा मोडला तर खेळ तर जाऊच दे, चालणंही सरळ राहणार नाही. ती फट तशीच असती तर... मी पाहिलं होतं तुला दाबताना. सगळं पाहिलं होतं. पण बोलले नाही. बोलले असते तर लोक म्हणाले असते, मग ही जागा तिचीच की. सोळा वर्षांची होते गं. भीती वाटली. नंतर लाज वाटली. मग फारच उशीर झाला."

खरं सांगायचं तर हर्षाला आधी रागच आला. बारा वर्षं! बारा वर्षं माझा बाप तोंड मिटून चिखल बुजवत राहिला आणि ही आता सांगते! ताट उचलून निघून जावंसं वाटलं. मग तिची नजर टेबलाखाली गेली. चंचलचे दोन्ही पाय धडधाकट, साध्या चपलांत, जमिनीवर सरळ टेकलेले. आणि राग कुठल्या कुठे गेला.

"राष्ट्रीयला कितवी आलीस?" तिनं विचारलं.

"अठ्ठेचाळिसावी."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या. हसता हसता रडल्या. वाढपी वरण घेऊन उभा, बिचारा तसाच परत गेला.

रोवणा लागला तशी हर्षा रविवारी गावी गेली. हरिदास आता सत्तरीला टेकलाय, पण फावडं सुटलेलं नाही. तो पुढे, ती मागे, धुऱ्यावरून. दोन्हीकडे पाणी, आभाळ उतरलेलं, खालच्या बांधीत मुखरूकाकाचे कोवळे पऱ्हे. तिनं त्याच्या पाठीलाच सगळं सांगितलं. समोरून सांगायची हिंमत नव्हती. चंचलचा घोटा, वाकडी उडी, तो जोड, सगळं.

हरिदास थांबला. वळला नाही.

"त्याच फटीवर आली पोट्टी?"

"हो बाबा."

"मंग? पडली काय?"

"नाई बाबा. उभी राह्यली. पाय हाललाई नाई तिचा."

त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पाऊस नव्हता तरी. मग म्हणाला, "बस मंग," आणि चालू लागला.

हर्षा मागून निघाली. डोळे भरून आलेले, समोरचं काही दिसेना. रोज पोरींना तोल शिकवणारी बाई ती, पण तिची टाच कडेला पडली. ढेकूळ निसटलं. पाणी सुळसुळ मुखरूकाकाच्या बांधीत निघालं. ती जागीच थांबली. आता बाबा वळतील, मुकाट येतील, वाकतील, म्हणून तिनं पाहिलं.

हरिदास वळला नाही. चालतच राहिला, फावडं खांद्यावर, आणि पाठमोराच सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला,

"हर्षे, धुरा!"

हर्षा मटकन चिखलात बसली. साडी गेली, घड्याळ गेलं. तिनं दोन्ही हातांनी माती ओढली, टाचेनं रेटली, तळव्यानं दाबली, एकदा, दोनदा, पुन्हा टोकापासून, आणि पाणी पुरतं थांबेपर्यंत ती उठली नाही. किती सेकंद लागले म्हणता? लागू द्या की.